माऊच्या पाकिटात दडलंय काय?

बाथरूममधली टूथपेस्ट, ओट्यावरची इन्स्टंट कॉफी, मुलांच्या हातातलं चॉकलेट आणि मांजराच्या वाटीतले दाणे, यांच्या मालकांची यादी काढायला बसलात तर ती फार लवकर संपते. पशुवैद्य लिहून देतात ते 'हिल्स' १९७६पासून कोलगेट-पामोलिव्हच्या मालकीचं आहे. 'फ्रिस्कीज', 'फॅन्सी फीस्ट', 'फेलिक्स' आणि 'प्रो प्लॅन' ही सगळी मॅगीवाल्या नेस्लेची. 'व्हिस्कस', 'शेबा', 'टेम्प्टेशन्स' आणि 'रॉयल कॅनिन' ही चारही नावं स्निकर्सवाल्या मार्सची. अमेरिकेत गाजलेलं 'ब्लू बफेलो' २०१८मध्ये आठ अब्ज डॉलरला विकत घेतलं जनरल मिल्सनं. आपल्याकडे पिल्सबरी आटा विकणारी कंपनी ती हीच.

पेट शॉपमध्ये एका हातात व्हिस्कस आणि दुसऱ्या हातात रॉयल कॅनिन धरून 'साधं घेऊ की परदेशी घेऊ' असा विचार करणाऱ्याचे पैसे शेवटी एकाच तिजोरीत जातात. म्हणून काही ती दोन खाद्यं सारखी ठरत नाहीत. कृती वेगळी, कारखाने वेगळे, किमतीतही मोठा फरक. पण पाकिटावरचं मोठं नाव आतल्या मालाबद्दल फार थोडं सांगतं, हे मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. कामाची माहिती मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असते.

जहाजावरच्या बिस्किटापासून

मांजराला विकतचं खाणं ही कल्पना तशी जुनी आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमध्ये 'कॅट्स मीट मॅन' गल्लोगल्ली फिरायचे. कामातून गेलेल्या घोड्यांचं शिजवलेलं मांस काडीला टोचून ते दारोदार विकत. गिऱ्हाईक ठरलेलं, वेळ ठरलेली, आणि हाक ऐकताच मांजरं दारात हजर!

कारखान्यातल्या खाद्याची सुरुवात मात्र कुत्र्यांपासून झाली. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन विक्रेता १८६०च्या सुमारास लंडनला आला. खलाशांची टणक बिस्किटं कुत्रे आवडीनं खातात हे त्यानं बघितलं आणि कुत्र्यांसाठी बिस्किटं बनवायचा धंदाच सुरू केला. त्याच्याकडे कामाला लागलेल्या चार्ल्स क्रफ्ट या तरुणानं पुढे १८९१मध्ये स्वतःच्या नावानं श्वानप्रदर्शन भरवलं. ते 'क्रफ्ट्स' आजही भरतं. अमेरिकेत १९२२मध्ये 'केन-एल रेशन' हे डबाबंद घोड्याचं मांस बाजारात आलं. मग दुसरं महायुद्ध पेटलं, डब्यांचा पत्रा लढाईकडे वळला आणि कंपन्यांना कोरड्या खाद्याकडे जावं लागलं. आज घरोघरी दिसणाऱ्या दाण्यांच्या मागे मांजराच्या तब्येतीचा विचार नंतर आला, पत्र्याची टंचाई आधी होती.

'हिल्स'च्या मुळाशी एक आंधळा माणूस आणि त्याची कुत्री आहे. मॉरिस फ्रँक हे अमेरिकेत मार्गदर्शक कुत्र्यांचा प्रसार करणारे गृहस्थ. त्यांच्या 'बडी'चं मूत्रपिंड १९३९मध्ये निकामी व्हायला लागलं. डॉ. मार्क मॉरिस या पशुवैद्यानं तिच्यासाठी खास पथ्याचं खाणं तयार केलं. सुरुवातीला ते काचेच्या बरण्यांतून पाठवलं जाई आणि बरण्या वाटेत फुटत, म्हणून मग डब्यात भरायला लागले. १९४८मध्ये कॅन्ससमधल्या टोपेका इथल्या हिल पॅकिंग कंपनीशी करार झाला. किडनीच्या आजारात मांजरांना आजही देतात ते पथ्याचं खाद्य या प्रयत्नातून पुढे आलं. रॉयल कॅनिनही एका पशुवैद्याचंच. जाँ कातारी यांनी १९६८मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या एमार्ग गावात ते सुरू केलं. आता त्याचे कारखाने दक्षिण कोरियापर्यंत पसरलेत, त्यामुळे 'फ्रेंच' म्हणून घेतलेली पिशवी फ्रान्समधूनच आली असेल असं धरून चालू नका. पिशवीवर देश छापलेला असतो, तो वाचा.

'ट्युना', 'विथ ट्युना' आणि 'ट्युना फ्लेवर'

अमेरिकेत पशुखाद्याच्या नावांना नियम आहेत. 'आफ्को' ही तिथल्या खाद्यनियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना हे नमुना-नियम आखते आणि राज्यं ते स्वीकारतात. एका शब्दानं केवढा फरक पडतो बघा. डब्यावर नुसतं 'ट्युना कॅट फूड' असेल तर, पाणी सोडून, आतला ९५ टक्के माल ट्युना हवा. 'ट्युना डिनर', 'ट्युना प्लॅटर' किंवा 'ट्युना आंत्रे' म्हटलं की २५ टक्के पुरतो. 'विथ ट्युना' म्हटलं की ३ टक्के. आणि 'ट्युना फ्लेवर' असेल तर ठरावीक प्रमाणच नाही, चव ओळखू आली की झालं.

पंचाण्णवावरून तीनवर! तेही पाकिटावरच्या माशाचं चित्र तेवढंच मोठं ठेवून. युरोपात 'विथ चिकन'साठी ४ टक्क्यांची अट आहे, म्हणजे तिथेही उरलेले ९६ टक्के काय आहे हे मागे वाचल्याशिवाय कळत नाही.

'प्रीमियम', 'सुपर प्रीमियम', 'गोर्मे' या शब्दांना तर कायद्यात काहीच वजन नाही. कुणीही छापावेत. 'आफ्को'चं नाव पाकिटावर दिसलं म्हणजे त्या संस्थेनं माल तपासून पास केला, असाही अनेकांचा समज असतो. ही संस्था कुठलंही खाद्य तपासत नाही, कुणालाही मान्यता देत नाही. ती फक्त पोषणाचे तक्ते आणि चाचणीच्या पद्धती ठरवते. त्या तक्त्यात आपण बसतो हे कंपनी स्वतः सांगते.

ते 'बसणं' दोन प्रकारचं असतं. एक, कागदावर किंवा प्रयोगशाळेत पोषक घटकांची बेरीज जुळवणं. दोन, खऱ्या मांजरांना ते खाऊ घालून बघणं. मोठ्या मांजरांसाठीच्या चाचणीत किमान ८ मांजरं आणि २६ आठवडे लागतात, आणि त्यातली किमान ६ शेवटपर्यंत टिकावी लागतात. सहा महिन्यांची आठ मांजरांची चाचणी म्हणजे आयुष्यभराची हमी नव्हे, हे खरं. तरी जी कंपनी तेवढंही करते तिला माझ्या लेखी जास्त मान आहे. याचं कारण टॉरिन.

कागदावर पूर्ण, हृदयाला अपुरं

टॉरिन हे मांस आणि मासळीत मिळणारं एक अमिनो आम्ल. माणूस ते शरीरात बनवतो, कुत्रेही बहुधा बनवतात. मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही, उलट त्याच्या पित्तातून ते सतत वाहून जातं. १९७५मध्ये संशोधकांनी दाखवलं की टॉरिन कमी पडलं की मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजतो आणि ते आंधळं होतं. कंपन्यांनी त्यानुसार मात्रा ठरवली आणि पाकिटावर 'संपूर्ण आणि संतुलित' छापलं.

तरीही मांजरं मरत राहिली. हृदयाचे कप्पे फुगून स्नायू लुळे पडायचे, फुप्फुसाभोवती पाणी साचायचं. हा आजार मांजरांमध्ये नेहमीचा मानला जाई आणि त्याला उपाय नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डॉ. पॉल पियॉन यांनी अशा मांजरांचं रक्त तपासलं, तर टॉरिन अगदी कमी. टॉरिनच्या गोळ्या सुरू केल्या आणि मरणाच्या दारातली हृदयं पुन्हा नीट चालू लागली. १९८७मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे छापून आलं. ती मांजरं कचऱ्यातलं खाऊन जगणारी नव्हती. बाजारात मिळणारं, नावाजलेलं खाद्य खाणारी होती.

कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि तो आजार बघता बघता दुर्मीळ झाला. डबाबंद खाद्याच्या बाबतीत आणखी एक पेच निघाला. डबा भरपूर तापवताना प्रथिनांमध्ये असे बदल होतात की आतड्यातले जिवाणू जास्त टॉरिन फस्त करतात. म्हणून आजच्या तक्त्यात कोरड्या खाद्याला, पाणी वगळून मोजल्यास, ०.१० टक्का टॉरिन पुरतं, पण डब्याला ०.२० टक्का लागतं. पाकिटाच्या मागे घटकांच्या यादीत शेवटी शेवटी 'टॉरिन' हा शब्द दिसतो ना, त्यामागे इतक्या मांजरांचे जीव आहेत. कुत्र्याचं खाद्य मांजराला घालू नये ते याचसाठी. कुत्र्याच्या खाद्यात टॉरिन घालण्याचं बंधन नसतं.

दूध-पोळीवर वाढलेली मांजरं टुणटुणीत राहिलेली आपण पाहिली आहेत, हेही खरं. पण ती मांजरं रात्री उंदीर, पाली आणि टोळ मारून खात. टॉरिन त्यांना तिथून मिळे. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खिडक्यांना जाळ्या लावून ठेवलेल्या माऊला तो मार्गच नाही. तिला वाटीत जे पडेल तेवढंच मिळणार, म्हणून त्या वाटीत काय पडतं याची जबाबदारी सगळी आपल्यावर येते.

एकच कारखाना, शंभर नावं

मार्च २००७मध्ये उत्तर अमेरिकेत मांजरं-कुत्री अचानक मूत्रपिंड निकामी होऊन दगावू लागली. 'मेन्यू फूड्स' या कॅनडातल्या कंपनीनं ६ कोटी डबे आणि पाऊच परत मागवले, आणि तेव्हा कुठे लोकांना कळलं की शंभराच्या आसपास ब्रँडचं ओलं खाद्य ही एकच कंपनी बनवत होती. वॉलमार्टचं स्वतःचं स्वस्त खाद्य तिथलंच आणि आयम्स, युकानुबासारखी महागडी नावंही तिथलीच. धोक्याची पहिली खूण कंपनीच्या दारातच मिळाली होती. चव पारखण्यासाठी ठेवलेली काही मांजरं ते खाऊन मेली होती.

दोष निघाला चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये. त्यात मेलामाइन मिसळलं होतं. हे प्लास्टिकच्या ताटल्या बनवायला वापरतात ते रसायन. ते खाद्यात घालण्याचं कारण असं की प्रथिन मोजण्याची जुनी रूढ पद्धत खरं तर नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनाचा हिशोब लावते. मेलामाइनमध्ये नायट्रोजन ठासून भरलेलं. चिमूटभर टाकलं की हलका माल कागदावर उंची प्रथिनाचा दिसतो. सायन्युरिक आम्लाच्या जोडीनं त्याचे स्फटिक बनले आणि मूत्रपिंडाच्या नळ्या तुंबल्या. दुसऱ्याच वर्षी चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत हेच मेलामाइन सापडलं. मांजरांनी इशारा वर्षभर आधी दिला होता.

ब्रिटनमध्ये २०२१ साली असंच घडलं. रक्तपेशी झपाट्यानं कमी होऊन मांजरं आजारी पडली. रॉयल व्हेटर्नरी कॉलेजकडे पाचशेहून अधिक मांजरांची नोंद झाली, त्यातली निम्म्याहून जास्त वाचली नाहीत. जून महिन्यात काही कोरडी खाद्यं परत मागवली गेली. सुपरमार्केटचं स्वतःचं खाद्य, पेट शॉपच्या साखळीचं खाद्य आणि 'अप्लॉज' हे वरच्या किमतीचं नाव, तिन्ही एकाच उत्पादकाकडची. काही नमुन्यांत बुरशीची विषं सापडली, पण नेमकं कारण सरकारी तपासात पक्कं ठरू शकलं नाही.

म्हणून पाकिटावर 'मार्केटेड बाय' आणि 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' या दोन ओळी वेगवेगळ्या दिसल्या की थांबून वाचाव्यात. दुसऱ्याकडून बनवून घेणं हा गुन्हा नाही, उत्तम कारखानेही असं काम घेतात. पण ज्यांचं नाव पुढे आहे त्यांना आपला माल कुठे आणि कसा बनतो हे ग्राहकाला सांगता आलं पाहिजे. 'ब्लू बफेलो'ला ते जमलं नव्हतं. 'आमच्या खाद्यात बाय-प्रॉडक्ट नाहीत' अशी जाहिरात करणाऱ्या या कंपनीवर २०१४मध्ये नेस्लेच्या प्युरिना या पशुखाद्य कंपनीनं खटला भरला. शेवटी पुरवठादारानं पाठवलेल्या मालात बाय-प्रॉडक्ट होते हे ब्लू बफेलोला मान्य करावं लागलं आणि ग्राहकांच्या दाव्यात ३ कोटी २० लाख डॉलरची तडजोड झाली.

यात एक गंमत आहे. बाय-प्रॉडक्ट म्हणजे काळीज, गुर्दा, फुप्फुस, आतडी असे अवयव. उंदीर मारला की मांजर तो आतड्या-काळजासकट खातं. मटणाच्या दुकानात कलेजी मागून घेणाऱ्या आपल्या माणसांना यात नाक मुरडण्यासारखं काही वाटू नये. दर्जा त्या अवयवांच्या ताजेपणावर आणि प्रमाणावर ठरतो, नावावर नाही.

कुप्याचं लाल मांस कुठे जातं?

ट्युना म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा कुपा. कापला की आत दोन रंगांचं मांस दिसतं, एक फिकं आणि मधोमध गडद लाल पट्टा. माणसांच्या डब्यात फिकं मांस जातं. लाल मांसाला वास उग्र, पण लोह आणि प्रथिनं भरपूर. ते मांजरांच्या डब्यात जातं. म्हणूनच जगातला ट्युना डबाबंद करण्यात आघाडीवर असलेला थायलंड मांजरांच्या ओल्या खाद्याच्या निर्यातीतही आघाडीवर आहे. 'जॉन वेस्ट' आणि 'चिकन ऑफ द सी' ही माणसांच्या ट्युनाची नावं ज्या थाय युनियनकडे आहेत, तिचीच 'आय-टेल' ही पशुखाद्याची कंपनी डिसेंबर २०२२मध्ये थायलंडच्या शेअर बाजारात उतरली. आपल्याकडे घरोघरी पोचलेलं 'मी-ओ' हेही थायलंडच्या परफेक्ट कम्पॅनियनचं.

जपानची इनाबा ही कंपनी शिझुओकाची, मासळीच्या धंद्यातली. तिनं २०१२मध्ये ट्युना आणि चिकनचा पातळ लगदा नळीत भरून 'चुरू' बाजारात आणला. नखं कापताना, औषध देताना, पिंजऱ्यात बसवताना ही नळी फार कामाला येते. पण ते खाऊ म्हणून द्यायचं, जेवण म्हणून नाही. नुसत्या ट्युनाच्या जेलीवाल्या कितीतरी पाऊचवर 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं असतं, म्हणजे पूरक. 'कम्प्लीट' हा शब्द नसेल तर त्यावर मांजर वाढवायचं नाही. नुसत्या लाल ट्युनावर ठेवलेल्या मांजरांना 'ई' जीवनसत्त्वाच्या अभावी चरबी पिवळी पडून दुखणारा आजार होतो, हे पशुवैद्यांना कित्येक दशकांपासून माहीत आहे.

कुरकुरीत दाण्याचं रहस्य

कोरडे दाणे ज्या यंत्रात बनतात त्याच जातीच्या यंत्रात मक्याचे फुगलेले चटपटीत वेफर्सही बनतात. त्याला एक्सट्रुडर म्हणतात. पीठ, मांसाची भुकटी आणि पाणी यांचा गोळा वाफेच्या दाबाखाली शिजतो, साच्याच्या भोकातून बाहेर पडताच फुगतो आणि पात्यानं कापला जातो. प्युरिनानं १९५७मध्ये कुत्र्यांसाठी या पद्धतीचं खाद्य आणलं, मांजरांची पाळी मागोमाग आली. फुगण्यासाठी स्टार्च लागतं. तांदूळ, मका किंवा बटाटा-वाटाणा यांतलं काहीतरी दाण्यात असतंच, ते या यंत्रामुळे. 'ग्रेन-फ्री' लिहिलेल्या दाण्यात धान्य नसेल, स्टार्च असतंच.

असा फुगलेला दाणा मांजर हुंगून निघून जाईल. त्यावर चरबी आणि चवीचा लेप फवारतात. त्यात पाचकांनी विरघळवलेल्या मांसाचं पाणी असतं आणि बऱ्याचदा पायरोफॉस्फेट, जे मांजरांना विलक्षण आवडतं. 'आमची माऊ याच कंपनीचं खाते, दुसऱ्याला तोंड लावत नाही' हे दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे. लेप चांगला जमलाय एवढंच त्यातून कळतं.

मांजराला गोड कळतच नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५मध्ये दाखवलं की गोड ओळखणाऱ्या ग्राहीचं एक जनुक मांजराच्या कुळात बंद पडलेलं आहे, वाघातही तसंच. श्रीखंडाची वाटी चाटणारं मांजर त्यातल्या स्निग्धासाठी चाटतं. उलट ट्युनाचं वेड खरं आहे. मार्सच्या वॉल्टहॅम संस्थेच्या २०२३च्या अभ्यासात असं निघालं की मांजराच्या जिभेवरचे ग्राही ज्या दोन द्रव्यांच्या जोडीला सर्वांत जोरात दाद देतात, ती जोडी ट्युनात भरपूर असते. दाण्यांचे लाल-हिरवे रंग, माशाचे आणि हृदयाचे आकार हे सगळं आपल्यासाठी. एक अपवाद सांगायला हवा. पर्शियन मांजर चपट्या तोंडामुळे जिभेच्या खालच्या बाजूनं दाणा उचलतं, म्हणून रॉयल कॅनिनच्या पर्शियन खाद्याचा दाणा बदामाच्या आकाराचा असतो.

आणि 'दहापैकी आठ मांजरांची पसंती' ही व्हिस्कसची गाजलेली ब्रिटिश जाहिरात! तक्रार झाल्यावर तिचे शब्द बदलून 'ज्यांनी पसंती सांगितली त्यातल्या दहापैकी आठ मालकांच्या मते त्यांच्या मांजराला हे आवडतं' असे करावे लागले.

आपल्या दुकानात

गोंदियाहून हावड्याकडे निघालेली गाडी डोंगरगड सोडून राजनांदगावला थांबते. तिथला आयबी समूह मूळचा कुक्कुटपालनातला. 'ड्रूल्स' आणि 'प्युअरपेट' ही पशुखाद्यं त्यांचीच. कोंबडीच्या व्यवसायातून पशुखाद्यात उतरणं हे कच्च्या मालाच्या दृष्टीनं शहाणपणाचं आहे, आणि २०२५मध्ये नेस्लेनं ड्रूल्समध्ये छोटा हिस्सा घेतला यावरून त्या धंद्याचा वाढता पसारा कळतो. मार्सचा कारखाना तेलंगणात सिद्दीपेट जिल्ह्यात आहे. 'देशी' आणि 'विदेशी' असे कप्पे आता चालत नाहीत. विदेशी नावाचं खाद्य तेलंगणात बनतं आणि देशी नावामागे स्विस पैसा असतो.

आपल्याकडच्या कायद्याबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'अन्न' म्हणजे माणसाचं अन्न, जनावरांचं खाद्य त्यातून स्पष्ट वगळलेलं आहे. त्यामुळे आपल्या बिस्किटावर नजर ठेवणारी यंत्रणा माऊच्या दाण्यांवर नजर ठेवत नाही. पण वजनमापाच्या नियमांमुळे बंद पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना, ग्राहकसेवेचा फोन आणि आयात मालावर मूळ देश छापावाच लागतो. ग्राहकाच्या हातात असलेलं हत्यार तेच आहे. म्हणून पोत्यातून सुटे काढून पारदर्शक पिशवीत बांधलेले दाणे स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. त्यावर ना तारीख, ना बॅच, ना कारखाना. आपल्या पावसाळ्यात उघड्या पोत्यातली चरबी खवट होते, बुरशी धरते, आणि बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही.

कच्च्या मांसाच्या नव्या टुमीबद्दलही सावध राहायला हवं. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये एक घरातलं मांजर बर्ड फ्लूनं मेलं आणि ते खात असलेल्या गोठवलेल्या कच्च्या टर्कीच्या खाद्यात तोच विषाणू सापडला. त्याच महिन्यात आपल्या नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेनं एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूच, असल्याचं सांगितलं. मार्जारकुळाला हा विषाणू फार घातक आहे. चिकन द्यायचं तर शिजवून, बिनमीठ, बिनकांदा-लसूण.

दोन मिनिटांचं गणित

ओल्या पाऊचवर प्रथिनं ८ टक्के आणि कोरड्या पिशवीवर ३० टक्के वाचून लोक पाऊच परत ठेवतात. आकडे असे थेट ताडून बघता येत नाहीत, आधी पाणी वजा करा. पाऊचमध्ये ८५ टक्के पाणी आहे, राहिलं १५. त्या १५तले ८ म्हणजे ५३ टक्के प्रथिन. कोरड्यात १० टक्के पाणी, राहिले ९०. त्यातले ३० म्हणजे ३३ टक्के. ओलं जिंकलं! मोठ्या मांजरासाठी 'आफ्को'च्या तक्त्यात किमान २६ टक्के आहे आणि पिल्लांसाठी ३०, दोन्ही पाणी वगळून.

पिठूळ पदार्थांचा आकडा बहुतेक पिशव्यांवर नसतो, तो काढता येतो. प्रथिन ३०, चरबी १०, पाणी १०, तंतू ५, राख (म्हणजे खनिजं) ८. बेरीज ६३. शंभरातून गेली की ३७ टक्के उरतात, तेवढा भाग मुख्यतः स्टार्चचा. राख छापलेली नसेल तर ८ धरा.

घटकांची यादी वजनानुसार उतरत्या क्रमानं असते, पण वजन शिजवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे 'चिकन' पहिल्या नंबरवर दिसलं तरी कोरडं झाल्यावर ते खाली घसरतं. मका, मक्याचं ग्लुटेन आणि मक्याचं पीठ असे तीन तुकडे करून लिहिले की मका एकत्रितपणे पहिला असूनही कुठेच पहिला दिसत नाही.

माझं मत विचाराल तर खिशाला परवडेल ते 'कम्प्लीट' कोरडं खाद्य आणि जमेल तितकं ओलं, ही बहुतेक घरांसाठी चांगली वाट आहे. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. त्याला तहान कमी लागते आणि उंदरातून मिळणाऱ्या पाण्यावर निसर्गानं त्याला जगवलंय. दाण्यात ते पाणी नसतं. लघवीत खडे होणाऱ्या बोक्यांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचं. बोका लघवीला बसतो पण होत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चार किलोच्या घरबसल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात आणि कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्येच ३५० ते ४०० असतात. म्हणजे साठ ग्रॅमच्या आसपास दाणे झाले की दिवसाचं जेवण झालं. वाटी सतत भरलेली ठेवायची गरज नाही.

पुढच्या खरेदीच्या वेळी पिशवीवरच्या ग्राहकसेवेच्या नंबरला एक फोन करा आणि चारच प्रश्न विचारा. हे कुठल्या कारखान्यात बनतं? खाद्याची कृती कोण ठरवतं, त्यांच्याकडे पशुपोषणातलं शिक्षण आहे का? मांजरांना खाऊ घालून चाचणी केली आहे का? १०० ग्रॅममध्ये कॅलरी किती? सरळ उत्तरं देणारी कंपनी निवडा, ती लहान असली तरी. आणि दाणे हवाबंद डब्यात काढून ठेवत असाल तर मूळ पिशवी टाकून देऊ नका. कधी माल परत मागवला गेला, तर आपली माऊ त्यातलंच खाते आहे का हे ओळखायला तिच्यावरचा बॅच नंबर लागतो.